खड्डा आढळून आला नाही

अहो, तुमच्या नावाचं पत्र आलं तेव्हा तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले होते. पोस्टमन दारात उभा राहून पाकीट नुसतं हातात फिरवत होता. द्यावं की परत न्यावं, त्याला कळेना. मी म्हटलं, "दे बाबा, त्यांचं काय नि माझं काय." पत्र रस्त्याच्या खात्याचं होतं. तुमच्या अपिलाची सुनावणी ठेवली आहे, अर्जदारानं समक्ष हजर राहावं. मला आधी हसू आलं, मग हसू आल्याची लाज वाटली. तीन वर्षं वाट बघायला लावून बोलावलं, तेव्हा तुम्ही नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "खातं झोपलेलं नसतंय गं, कूस बदलायला येळ लागतो त्याला."

तुमचे गुण गायला मी हे लिहायला बसलेले नाही. ते तेराव्याला सगळ्यांनी गाऊन झाले. एसटीच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एक अपघात नाही, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, देवमाणूस. ऐकून ऐकून माझे कान किटले. देवमाणसाबरोबर संसार केलेल्या बाईला विचारा म्हणावं. मला तुमच्याशी एकच गोष्ट बोलायची राहिली आहे आणि ती रस्त्याचीच आहे. दुसरं काय असणार म्हणा, आपल्या घरात दुसरा विषय होता कुठं?

सोलापूरच्या दवाखान्यातून तुम्हाला आणलं त्या दिवशीचं आधी सांगते. गाडीत मागं मी आणि महेश. महेश फोनवर एकेकाला बाप गेल्याचं कळवत होता, मी तुमच्या उशाशी बसले होते. हायवेवर गाडी अशी चालली होती की पोटातलं पाणी हलू नये. जळकोट मागं पडलं, आपला फाटा आला, गाडी वळली आणि माझा हात आपोआप तुमच्या डोक्याखाली गेला. हिसका बसू नये म्हणून. चार किलोमीटर मी तो हात तसाच धरला. महेशनं एकदा बघितलं आणि पुढचा फोन लावला. दारासमोरच्या वळणावर गाडी जवळजवळ थांबली, एक चाक खाली गेलं, वर आलं, आणि तुमची मान माझ्या हातात वळली. तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. दवाखान्यात आलं नव्हतं.

तुमचं हे खड्ड्याचं वेड निवृत्तीनंतरचं. लोक निवृत्त झाले की देवळात जाऊन बसतात, तुम्ही रस्त्यात जाऊन बसलात. पहिल्या महिन्यात फाट्यापासून गावापर्यंत पायी चालत आलात आणि वहीत सगळे खड्डे मांडलेत. त्यांची वर्गवारीसुद्धा ड्रायव्हरचीच. हा तिसऱ्या गियरचा, हा दुसऱ्याचा, हा पहिल्याचा. सगळ्यांत वरचा दर्जा 'पाशिंजर उतरवायचा'. तसा एकच होता आणि तो आपल्या दारासमोर. चार फूट लांब, तीन फूट रुंद, वीतभर खोल. खोली कशी दिसावी म्हणून तुम्ही त्यात माझं लाटणं उभं करून फोटो काढलात. मी चुलीपाशी लाटणं शोधतेय आणि हे रस्त्यात पालथे पडून फोटो काढतायत. त्या दिवशी मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "साहेबाला फूटपट्टी कळत न्हाय, लाटणं कळतंय."

अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. मोबाइलवर तक्रार करायची सोय आली तेव्हा महेशकडून शिकून घेतलीत. फोटो टाकायचा, जागा आपोआप कळते, तक्रारीला नंबर मिळतो. नंबर मिळाला की दोन दिवस तुमचा चेहरा कसा व्हायचा, मी बघितलंय. मग एक दिवस चहा पिताना फोन वाजायचा. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' तुम्ही उठून दारात जायचात, खड्डा जागेवर आहे का बघायचात आणि परत येऊन गार झालेला चहा प्यायचात. मी म्हणायचे, "रस्ता काय तुमच्या वडलांचा आहे?" तुम्ही म्हणायचात, "वडलांचा असता तर म्या अर्ज कशाला केला असता, खोरं घेतलं असतं."

हे भांडण आपलं कधी संपलं नाही. माझं म्हणणं, इतक्या अर्जांच्या टपालखर्चात आणि हेलपाट्यांत तुम्ही स्वतः खड्डा बुजवला असता. तुमचं म्हणणं, आपण बुजवला की तो कायमचा आपलाच झाला. बुजवणं हे त्यांचं काम आहे, त्यांच्याकडूनच करून घ्यायचं. मला तेव्हा हा नुसता हट्ट वाटायचा. आता तितकासा वाटत नाही, पण ते तुम्हाला ऐकू जाणार नाही म्हणूनच मान्य करतेय, असंही असेल.

आता त्या दिवसाचं. साहेब पाहणीला येणार असं कळलं, तेव्हा तुम्ही मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखे फिरत होता. इस्त्रीचा शर्ट, फायलीला नवी नाडी. सकाळच्या गाडीनं तुम्ही तालुक्याला गेलात, साहेबाला त्यांच्याच जीपमधून घेऊन यायला. जाताना म्हणालात, "चुरमुऱ्याची सुशीला कर, पोहे नको. आन् लई सजवू नको. खड्डा बघायला यायलाय त्यो, घर बघायला न्हाय."

तुम्ही गेलात आणि मी अंगण झाडलं. मग दारापुढचा रस्ता झाडला. झाडता झाडता खड्ड्यापाशी आले. आता तुम्हाला खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात काही वाकडं नव्हतं. मी बालवाडीत शिकवायचे, तिथं तपासणीला बाई यायच्या तेव्हा आम्ही काय करायचो? फुटकं खेळणं कपाटात, मळका तक्ता भिंतीकडे तोंड करून. पाहुणा येतो तेव्हा घरातलं उणं झाकायचं, हे मला आईनं शिकवलं, सासूबाईंनी पक्कं केलं. मला दिसत होतं की साहेबाची जीप आपल्या दारात आदळणार, साहेबाचं डोकं टपाला लागणार आणि मग मी हातात ताटली घेऊन पुढं जाणार. माणसाला खड्ड्यात घालून कुणी त्याच्याकडं काही मागतं का? मला वाटलं, साहेब नीट आला, नीट बसला, पोटभर खाऊन खूश झाला, तर रस्ता चांगला करून देईल. फायलीत फोटो होतेच की. लाटण्यासकट.

समोर शिवलिंगअप्पांच्या दुकानाशेजारी मुरमाचा ढीग पडला होता, त्यांच्या नव्या खोलीसाठी आणलेला. टळटळीत दुपार होती. अप्पा जेवून आत आडवे झाले होते, गाव सामसूम. मी घमेलं घेतलं. पंचवीसेक खेपा केल्या. या वयात. वरून पाणी मारलं, पायानं तुडवलं, मग एक ट्रॅक्टर गेला त्यानं उरलेलं दाबलं. कंबर धरून बसले होते, पण बरं वाटत होतं. अप्पांना विचारायचं राहिलं. शेजाऱ्याचा मूठभर मुरूम घेताना कोण विचारतं, संध्याकाळी सांगू म्हटलं.

जीप आली ती लोण्यावरून आल्यासारखी. तुम्ही उतरलात, हात पुढं केलात, "हा बघा साहेब," म्हणालात आणि तसाच हात राहिला. मी दारातून बघत होते. तुम्ही दोन पावलं मागं गेलात, पुन्हा पुढं आलात. मग टाचेनं मुरूम उकरायला लागलात. "इथंच हुता साहेब. सकाळी हुता." साहेब हसून म्हणाले, "बुजवलाय की कुणीतरी. मग तक्रार कशाची?" तुम्ही बाकीचे खड्डे दाखवतो म्हणालात, तर तक्रारीत जागा ही एवढीच लिहिलेली आहे म्हणाले. सुशीला त्यांनी दोनदा मागून घेतली. माझ्या हाताची चव चांगली आहे म्हणाले.

फायलीवर शेरा पडला. 'खड्डा आढळून आला नाही. तक्रार तथ्यहीन व खोडसाळ स्वरूपाची दिसते.' महिन्याभरात मुरूम उडून गेला, खड्डा पहिल्यासारखा झाला, शेरा मात्र राहिला. उभ्या नोकरीत तुमच्या कागदावर कधी लाल शाई पडली नव्हती. तुम्ही तो कागद डब्यात ठेवलात आणि मधूनमधून काढून वाचायचात. वर्षभरानं अपील केलंत तेसुद्धा रस्त्यासाठी नाही. मला म्हणालात, "रस्ता होऊ दे न होऊ दे. त्यो शबुद काढायला लावतो." त्यानंतर कुणी खड्ड्याचं नाव काढलं की तुम्ही उठून जायला लागलात.

त्या दिवशी साहेब गेल्यावर तुम्ही चिमूटभर मुरूम हातात घेऊन बघितलात. तांबडा. मग समोरचा ढीग बघितलात. आणि सरळ अप्पांच्या दुकानात गेलात. लहानपणापासूनचा तुमचा सोबती. रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानापुढच्या बाकावर तुमची बैठक, ते मध्येच कानडीत शिव्या देणार, तुम्ही मराठीत परत करणार. त्या अप्पांना तुम्ही चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालात, "ठेकेदाराकडनं किती खाल्लंस?"

अप्पांनी गळ्यातल्या लिंगाची आण घेतली. तुम्ही ऐकली नाही. मी आपल्या दारात उभी होते, हातात साहेबाच्या उष्ट्या कपबश्या. दहा पावलं चालून आले असते तर दोन वाक्यांत मिटलं असतं. नाही आले. त्या वेळी तुमच्या तोंडाकडं बघून भीती वाटली. राग उतरला की सांगू म्हटलं. राग उतरला तोवर शेऱ्याचा कागद आला, मग लाज वाटायला लागली. मग सहा महिने झाले, आणि आता सांगितलं तर सहा महिने का नाही सांगितलं ते सांगावं लागलं असतं. असं करत चार वर्षं गेली. तुम्ही किराणा जळकोटहून आणायला लागलात. समोर दुकान असताना साखर बसमधून यायची आणि मी ती डब्यात भरायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आज.

शेवटच्या आजारात तुम्ही एकदा म्हणालात, "अप्पा येऊन गेला का गं?" मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, "त्यो तरी कशाला यील." आणि कूस बदललीत. तेव्हाही दवाखान्यात माणसं होती, सलाईन लावायला बाई आली होती. कारणं काय, मागितली की मिळतात.

अप्पा आले होते. तुम्हाला नेताना खांदा द्यायला पुढं झाले नाहीत, मागं चालत राहिले. परतल्यावर सगळे अंगणात बसले, ते रस्त्यापलीकडं आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून होते, दुकान बंद ठेवून.

सुनावणीला मी गेले. महेश पुण्याला परतला होता, जाऊ नको म्हणत होता. कचेरीत एक कारकून मुलगी होती, बोलायला चांगली. तिनं फाईल काढली, फोटो बघितले. लाटण्याच्या फोटोवर थांबली, पण हसली नाही. म्हणाली, "मावशी, अर्जदार मयत झाले म्हटल्यावर अपील आपोआप बंद करावं लागतं. तुम्ही दाखला दिला की झालं."

"आणि शेरा?"

"तो तसाच राहतो."

"नवीन तक्रार दिली तर?"

तिनं फाईल उलटसुलट केली. "याच जागेची तक्रार खोडसाळ ठरलीय ना. नवी पाहणी लावायची तर आधीचा शेरा चुकीचा कसा, ते लेखी पाहिजे. त्या दिवशी खड्डा होता पण दिसला नाही, याचं काहीतरी कारण पाहिजे. कुणाला माहीत आहे का ते?"

मी म्हटलं, "आहे." तिनं आठ दिवसांची मुदत दिली.

फाट्यावर बसमधून उतरले आणि चार किलोमीटर चालत आले. रिक्षा होती, पण बसावंसं वाटेना. दमले होते तरी घरी न जाता सरळ अप्पांच्या दुकानात गेले. अप्पा एका बाईला शेंगदाणे जोखून देत होते. बाई गेल्यावर मी सांगितलं. जसं इथं लिहिलंय तसंच, उभ्या उभ्या. घमेलं, खेपा, कपबश्या, सगळं.

अप्पांनी तागडी खाली ठेवली. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चार वर्षं, वहिनी."

मी मान हलवली.

"त्यो समोरच्या समोर हुता. म्या रोज दुकान उघडताना बघायचो, आज तरी येतोय का. आता सांगायलात तुमी." मग हात पुसत म्हणाले, "आता कुणाला सांगू म्या, की म्या न्हवतो?"

अप्पांनी शेंगदाण्याचं पोतं बांधलं आणि आत गेले. मी तिथंच थोडा वेळ उभी राहिले, मग घरी आले. त्या रात्री जेवण गेलं नाही. तुमचा फार राग आला. एवढा कसला तुमचा ताठा की बायकोला खरं सांगायची भीती वाटावी? मग वाटलं, भीती तुमची कुठं होती. तुम्ही चार दिवस अबोला धरला असता, पाचव्या दिवशी अप्पांच्या बाकावर जाऊन हसला असतात, माझ्याच नावानं. मला ते हसू नको होतं. एवढ्याशासाठी मी तुमचा सोबती घालवला.

तिसऱ्या दिवशी अर्ज लिहायला बसले. तुमची वही समोर ठेवली, तुमच्यासारखी सुरुवात केली. 'मी खाली सही करणार लिहून देते की.' तुम्ही इतके अर्ज लिहिलेत, मी हसत होते. एक वाक्य सरळ लिहायला किती वेळ लागतो ते मला आता कळलं. निम्मा झाला असेल, तेवढ्यात अप्पा दारात आले. चार वर्षांनी. आत आले नाहीत, चौकटीला टेकून म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. त्यांनी मध्येच थांबवलं. "मुरूम कुणाचा त्ये लिवलंय का?"

"न विचारता घेतला असं लिहिलंय."

"माझा हुता, असं लिवा. आन् पंचवीस घमेली न्हाय. ढीग निम्मा झालता." मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत. मी तसं लिहिलं. साक्षीदार म्हणून त्यांनी खाली सही केली, अक्षर अजून तसंच गोल आहे. "आयतु," म्हणाले, झालं एकदाचं, अशा सुरात. मी चहा टाकते म्हटलं. नको म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले. त्यांनी मला माफ केलं असं मला वाटत नाही. सही तुमच्यासाठी केली.

आज अर्ज देऊन आले. कारकून मुलीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, हे दिलं तर सरकारी पाहणीत दिशाभूल केली म्हणून नाव तुमचं लागतं. काकांचा शेरा निघेल, पण तुमच्यावर येईल. नाहीतर मयत म्हणून बंद करू, कुणाला काही त्रास नाही."

मी म्हटलं, शिक्का मार. तिनं मारला, पोच दिली.

खड्डा अजून तिथंच आहे. पाहणी लागेल की नाही, लागली तर कधी, ते ती मुलगी सांगू शकली नाही, आणि मी जास्त विचारलं नाही. मी दमलेय. तुमच्याइतके हेलपाटे माझ्याच्यानं होणार नाहीत, तुम्ही तशी आशा ठेवू नका. पण आता त्या फायलीत खोटं वागलेली बाई मी आहे, तुम्ही नाही. तुम्ही खरं बोलत होता, हे चार वर्षांत घरात एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही. ते आज सरकारला लिहून दिलं.